हे ‘राजरोग’ नव्हेत : दुष्काळ, बिडी आणि झाडीपट्टीची शरीरे

१/
गेल्या पंधरवड्यात इतिहासप्रेमींच्या समूहांत एक जुने छायाचित्र पुष्कळ फिरले. एकोणिसाव्या शतकातील काही शेतकरी, उघडे अंग, सपाट पोटे, खांद्यावर कांबळे. खाली मजकूर असा की, आपल्या पूर्वजांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. हे सारे आजच्या सुखासीन जीवनशैलीचे पाप आहे. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. त्या छायाचित्रातील माणसांच्या फासळ्या मोजता येत होत्या, हे मात्र कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही.

२/
हा धागा त्या मजकुराचा प्रतिवाद आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मधुमेह, उच्च रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग, दमा यांना ‘जीवनशैलीचे आजार’ म्हणणे ही वैद्यकीय अचूकता नसून इतिहासाची विस्मृती आहे. ‘शैली’ निवडता येते. ज्यांना निवड करण्याची मुभाच नव्हती त्यांच्या शरीरांत हे आजार कसे आले, याचा इतिहास आहे, तारखांसह आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

३/
प्रथम माझा पत्ता सांगते, कारण पुढचा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो. मी फुलचूरची. गोंदिया शहराला इतके चिकटलेले गाव की शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते हे आता फुलचूर नाक्यावर उभे राहूनही सांगता येत नाही. माझ्या आजीने याच गावात चाळीसएक वर्षे बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि ओली केलेली तेंदूची पाने, हातात कात्री. सकाळच्या स्वयंपाकानंतर ती बसे ती दिवेलागणीपर्यंत. हजार बिड्यांमागे मजुरी. ठेकेदाराच्या माणसाने छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. ती स्वतः बिडी कधी ओढली नाही, परंतु ज्या खोलीत ती वळत असे त्याच खोलीत आम्ही सारे झोपत असू, आणि त्या खोलीच्या हवेला तंबाखूचा वास कायमचा होता.

४/
आजीचे वजन आयुष्यात कधी पंचेचाळीस किलोच्या वर गेले नाही. साठीच्या आत तिला उच्च रक्तदाब निघाला, मग ‘शुगर’ निघाली आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने उजवा हात गेला. ज्या दवाखान्यात तिला नेले तिथल्या भिंतीवर एक भित्तिपत्रक होते : सोफ्यावर पसरलेला एक जाडा गृहस्थ, हातात बर्गर, समोर दूरचित्रवाणी, वर ठळक अक्षरांत ‘जीवनशैली बदला’. आजीला वाचता येत नाही. तिने चित्राकडे पाहून विचारले, “हा कोन होय?” मला उत्तर सुचले नाही.

५/
आता आकडे, थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ साली जगात किमान ४ कोटी ३० लाख माणसे असंसर्गजन्य आजारांनी मेली आणि त्यांतील ७३ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. सत्तरीच्या आत जे मेले त्यांच्यापुरते पाहिले तर हेच प्रमाण ८२ टक्के होते. भारतात एकूण मृत्यूंमधील या आजारांचा वाटा १९९० साली सुमारे ३८ टक्के होता. २०१६ पर्यंत तो ६२ टक्क्यांच्या घरात पोहोचला.

६/
“ते शहरांतले असतील,” असे कोणी म्हणेल. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतील मृत्यूंची पद्धतशीर कारणमीमांसा केली. तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. जंगलाच्या, भाताच्या, मोलमजुरीच्या या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हिवताप नव्हते, क्षय नव्हता, सर्पदंशही नव्हता. ते होते पक्षाघात : दर सात मृत्यूंमागे जवळपास एक. या गावांत सोफे किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

७/
मग ‘श्रीमंतांचा रोग’ ही समजूत आली कुठून? येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते.

‘राजरोग’ हा शब्द पाहा. आज आपण तो मधुमेहासारख्या, म्हणजे ऐषारामी मानलेल्या दुखण्यांसाठी सर्रास वापरतो. परंपरेत मात्र राजरोग म्हणजे राजयक्ष्मा, अर्थात क्षय. पुराणकथेत तो चंद्रराजाला जडला म्हणून राजाचा. प्रत्यक्षात क्षयाने सर्वाधिक माणसे मारली ती चाळींत, खाणींत आणि झोपड्यांत. रोगाला राजाचे नाव देऊन रंकाचे मरण झाकण्याची आपली सवय जुनी आहे.

८/
ज्या प्राचीन ग्रंथांचा दाखला देऊन ‘पूर्वी हे रोग नव्हते’ असे सांगितले जाते, ते ग्रंथ उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. चरकसंहितेत प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे सांगितले आहेत : एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहाच्या अध्यायात तर निर्धन रुग्णासाठी स्वतंत्र उपाय आहे. त्याने पायात काही न घालता, छत्रीविना, भिक्षेवर जगत शंभर योजने चालावे; आणि रुग्ण कृश असेल तर त्याला जपावे. उपायाच्या गुणावगुणांत मी जात नाही. मुद्दा इतकाच की जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यासमोर गरीब आणि हडकुळा प्रमेही बसलेला होता. त्याला दिसला तो आपल्या भित्तिपत्रकाला दिसत नाही.

९/
मधल्या काळात काय झाले? वसाहतकालीन वैद्यक आले आणि त्याबरोबर वसाहतकालीन नोंदवह्या आल्या. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या १९०७ सालच्या अधिवेशनात ‘उष्ण कटिबंधातील मधुमेह’ या विषयावर चर्चा झाली. हिंदुस्थानातील मधुमेह हा प्रामुख्याने शिकल्यासवरल्या, बैठे काम करणाऱ्या वर्गाचा, विशेषतः बंगाली भद्रलोकांचा रोग, असे चित्र तिथे रंगले. डॉक्टरांसमोर तोच वर्ग येत होता, म्हणून तोच मोजला गेला. लघवी तपासून घ्यायला पैसे कोणापाशी होते? भंडाऱ्याच्या जंगलातला गोंड मजूर तहानेने आणि अशक्तपणाने मेला तर गावच्या कोतवालाच्या तोंडी माहितीवर त्याची नोंद बहुधा ‘ताप’ या रकान्यात होई. दफ्तरात नाही म्हणजे घडलेच नाही, असे मानू नये, हा धडा आपण पहिल्या सत्रात शिकतो आणि आरोग्याच्या इतिहासात बिनदिक्कत विसरतो.

१०/
दुसरा अपराधी अधिक प्रतिष्ठित आहे. १९७१ साली अब्देल ओमरान या अभ्यासकाने ‘रोगसंक्रमणा’चा सिद्धांत मांडला. समाज तीन पायऱ्या चढतो : आधी साथी आणि दुष्काळ, मग साथींची ओहोटी, शेवटी झीज होण्याचे आणि मानवनिर्मित आजार. मूळ लेखात गती आणि मार्ग देशोदेशी वेगळे असू शकतात असे म्हटले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करते. परंतु पाठ्यपुस्तकांत पोहोचेतो त्याची शिडी झाली, आणि शिडीचा अर्थ असा झाला की मधुमेह म्हणजे विकासाची पावती. देश वर चढला, म्हणून साखर वाढली!

गोंदियात कोणी कोणती पायरी ओलांडली? हिवताप आहे, क्षय आहे आणि मधुमेहही आहे. शिवाय ते शेजारी गुण्यागोविंदाने राहत नाहीत; मधुमेह असलेल्याला क्षय जडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. शिडीच्या दोन पायऱ्या एकाच फुफ्फुसात उभ्या आहेत.

११/
‘असंसर्गजन्य रोग हे आधुनिक समृद्धीचे अपत्य’ या विधानाला आमच्या प्रदेशातून द्यायचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे लाखोरी.

धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच लाखोरी पेरतात. नांगरट नाही, सिंचन नाही, मातीत उरलेल्या ओलीवर ती येते. दुष्काळात सगळे करपते तेव्हाही ती उभी असते. म्हणून अवर्षणाच्या वर्षी गरिबाच्या ताटात दुसरे काहीच उरत नाही, आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडतात. कायमचे. संसर्ग नाही, जंतू नाही, बरा होत नाही : असंसर्गजन्य दीर्घकालीन आजाराची व्याख्या यापेक्षा वेगळी काय असते?

१२/
विल्यम स्लीमन (होय, ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेला तोच) याने १८४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात सागर परिसरातील ही हकिकत लिहून ठेवली आहे. गव्हाची पिके बुडाली, लाखोरी तेवढी तगली, लोकांनी ती खाल्ली आणि धडधाकट तरुणांच्या पायांतले बळ गेले. पुढे विसाव्या शतकातही रेवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जात असे. १९६१ साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. खाण्यावर बंदी आली. ती खाण्याची पाळी का येते, या प्रश्नाला मात्र कलम नव्हते. लंगडत चालणाऱ्या त्या मजुराची ‘जीवनशैली’ कोणती होती?

१३/
सिकलसेलचेही तेच. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी निबंध प्रसिद्ध केला. पूर्व विदर्भातील किती घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या सांधेदुखीच्या आणि ‘रक्त कमी’च्या नावाखाली सोसला गेला! त्यावरचे राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले १ जुलै २०२३ रोजी. मधली पासष्ट वर्षे कशात गेली, हे ज्याने त्याने पाहावे.

१४/
आता दुष्काळ. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचा इतिहास भंडाऱ्याच्या दफ्तरात आहे. मालगुजारी तलावांचा, धानाचा हा मुलूख. तलाव असूनही १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांतांची अशी दैना केली की १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे नऊ लाखांनी घटलेली आढळली. भंडारा जिल्ह्याची संख्या ६ लाख ६३ हजारांच्या आसपास भरली. तीही आधीच्या गणनेहून कमी. त्यानंतरच्या दशकात हिंदुस्थानातील जन्मतः सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते.

ज्यांना त्या जुन्या छायाचित्रात निरोगी पूर्वज दिसतात, त्यांनी हा आकडा शेजारी ठेवून ते पुन्हा पाहावे. मधुमेह होण्यासाठीसुद्धा जगावे लागते.

१५/
उपासमार केवळ मारते आणि निघून जाते, असे नाही. ती शरीरात मागे राहते. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी अशी मांडणी केली की गर्भात ज्याला पुरेसे पोषण मिळत नाही, त्याचे शरीर टंचाईसाठीच घडते आणि पुढे थोडेसे अन्न वाढले तरी ते साखरेला बळी पडते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे जो दुष्काळ पडला, त्या काळात गर्भात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात ग्लुकोज पेलण्याची क्षमता कमी आढळली. डच उपासमार काही महिन्यांची होती. आपल्याकडे अर्धपोटी गरोदरपण ही रीत होती.

१६/
आणि यातले सर्वांत महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे, हे आपल्याला माहीत असायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा मागोवा घेतला. बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी कमी. स्नायू कमी, अवयव लहान, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखलेली. ‘कृश तरी मेदयुक्त’ असे हे भारतीय बाळ. सोफ्यावर बसण्याचे वय यायला त्याला अजून अवकाश आहे.

२००४ साली याच याज्ञिकांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्यासह ‘लॅन्सेट’मध्ये एक मिश्कील छायाचित्र छापले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

१७/
१८९९ चा दुष्काळ पडला म्हणून माझ्या आजीला २०१० नंतर मधुमेह झाला, अशी सरळ रेघ मी ओढत नाही. तशी ओढणे हा भाबडेपणा ठरेल. परंतु कित्येक पिढ्या अर्धपोटी गरोदर राहिलेल्या प्रदेशात स्वस्त, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आणि तेल आले, कोदो-कुटकी ताटातून गेली, शरीर आधीच टंचाईला जुळवून घेतलेले होते. तेव्हा जे घडले त्याला ‘चैन’ म्हणणे हा अपमान आहे.

१८/
आता बिडीकडे येऊ. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा आमच्या घरचा इतिहास आहे.

बिडीच्या इतिहासाविषयी असे सांगितले जाते की १८९९ च्या, म्हणजे गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात त्या दुष्काळानंतर तिकडून काही व्यापारी कुटुंबे मध्य प्रांतांत आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर परिसरात त्यांनी बिडीचा धंदा उभारला. पान जंगलात फुकट, मजूर दुष्काळाने स्वस्त. १९०३ ते १९०५ या काळात बंगाल नागपूर रेल्वेचा गोंदिया–नैनपूर–जबलपूर हा अरुंद मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. गोंदिया जबलपूरशी जोडले गेले. पुढे विदेशी सिगारेटवरील बहिष्काराने बिडी ‘स्वदेशी’ ठरली. गोंदियात बिडीच्या मोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, वाडे बांधले गेले, शाळा-महाविद्यालयांना देणग्या मिळाल्या. ज्या दुष्काळाने गर्भातली बाळे खुरटवली, त्याच दुष्काळाने बिडी वळणारे हात पुरवले. हे मला अनेक दिवस उमगले नव्हते.

१९/
राज्यसंस्थेला बिडीत काय दिसले? १९४८ साली मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने बिडी उत्पादनाचे नियमन करणारा कायदा केला. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत बिडी वळण्यावर बंदी घालण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला मिळाला. हेतू कायद्याच्या नावातच होता : शेतीला मजूर मिळावेत. आरोग्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. सागर जिल्ह्यात १९५० साली तसा आदेश निघाला, त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि ८ नोव्हेंबर १९५० रोजी न्यायालयाने तो कायदा व्यवसायस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला. चिंतामण राव खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात.

२०/
न्यायालयाच्या तर्कातला एक भाग मला झोप लागू देत नाही. गावांत शेतमजुरी न करू शकणारे अपंग, दुर्बल, मुले आणि म्हाताऱ्या बायका असतीलच. बिड्या वळून ते चार पैसे मिळवतात. त्यांच्यावर बंदी कशी घालणार? तर्क दयाळू आहे, निर्दोषही आहे. परंतु दुबळे, मुले आणि म्हाताऱ्या तंबाखूच्या धुळीत बसतात, ही बाब त्यात फक्त उपजीविका म्हणून आली. शरीर म्हणून आली नाही.

योगायोग पाहा. त्या निकालाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ३० सप्टेंबर १९५० रोजी, डॉल आणि हिल यांचा धूम्रपान व फुफ्फुसाचा कर्करोग यांवरील निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला होता.

२१/
“तेव्हा आपल्याकडे कोणाला ठाऊक होते?” ही पळवाटही बंद करू. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर या थोर विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोगाच्या संशोधनाची पायाभरणी केली. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला : तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध. मुंबईत, मुंबईच्या रुग्णांवर केलेला अभ्यास. १९५५! म्हणजे गोंदिया द्वैभाषिक मुंबई राज्यात येण्याच्या एक वर्ष आधी.

२२/
त्यानंतर काय काय झाले? १९६६ साली बिडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा आला; १९७६ साली कल्याण निधी आणि उपकर आला. हे कायदे कामगार चळवळीने झगडून मिळवले, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण दुसऱ्या बाजूला १९६९ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात तेंदूपानाच्या व्यापारावर खुद्द शासनाचे नियंत्रण आले. वनखाते पान विकते, कामगारखाते वळणारीला ओळखपत्र देते, अर्थखाते बिडी ‘गरिबाची’ म्हणून तिच्यावर हात हलका ठेवते आणि आरोग्यखाते गरिबाला सांगते की तुझी जीवनशैली बिघडली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली, तेव्हाही समर्थनार्थ पुढे केले गेले ते बिडी वळणाऱ्या बायांचे नाव.

२३/
येथे मला ठाऊक आहे की कोणी विचारेल : मग बिडी बंद करायची का? तुझ्या आजीने खायचे काय असते?

प्रश्न रास्त आहे. आजीला मी तो विचारला होता. ती म्हणाली, “हात चालला तं पोट चालते, पोरी.” बिडीच्या मजुरीवर माझ्या वडिलांचे शिक्षण झाले, हे मी लपवत नाही. गडचिरोलीच्या अनेक ग्रामसभांची वर्षाची कमाई आज तेंदूवर उभी आहे, आणि तो हक्क त्यांनी मोठ्या संघर्षाने मिळवला आहे. त्यामुळे बंदीचा सोपा आवेश मला परवडत नाही. माझा आक्षेप असा की पंचाहत्तर वर्षे ‘गरिबांची उपजीविका’ ही ढाल पुढे करून पर्यायी उपजीविका उभी करण्याचे टाळले गेले, आणि जे शरीर त्यात झिजले त्याचा दवाखान्याचा खर्च त्या गरिबाच्याच पदरात टाकला गेला.

२४/
दुसरा आक्षेप : सवयींचा काहीच दोष नाही का? आहे. खर्ऱ्याचे उदाहरण घ्या. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून तयार होणारा हा पदार्थ विदर्भाबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल; आमच्याकडे तो नाक्यानाक्यावर आहे आणि तो खाणारे माझे वर्गमित्र आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखू खाणारे मात्र २४.४ टक्के. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. खर्रा टपरीवर घोटला जातच राहिला. मित्रांनो, हा सोडा, माझी हात जोडून विनंती आहे. पण धान लावणीत दिवसभर चिखलात वाकून भूक मारण्यासाठी मजुराने तोंडात धरलेला खर्रा आणि कॉलेजच्या कट्ट्यावरचा खर्रा यांना एकाच ‘शैली’त मोजू नका.

२५/
आणि व्यवस्था? राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ चा, क्षयाचा १९६२ चा. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २०१० साली, तोही आरंभी देशातील १०० जिल्ह्यांत. आपली सरकारी आरोग्ययंत्रणा घडली ती साथ येते, फवारणी होते, साथ जाते या लयीवर. ज्या रुग्णाला रोज, मरेपर्यंत, एक गोळी लागते त्याच्यासाठी ती घडलेलीच नाही. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०१६ मध्ये. त्याआधी थोडेही गंभीर झाले की रेल्वेने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचे नागपूर.

२६/
आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या एका सरकारी दवाखान्यात मोफत मिळत. मिळत तेव्हा मिळत. “पुढच्या सोमवारी या,” असे तीनदा ऐकून आल्यावर तिने जाणे सोडले, कारण प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाच्या बिड्या बुडत. बाहेरून गोळ्या आणाव्यात तर त्या तिने एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली, आम्हाला न सांगता. अर्धांगवायू झाला त्या दिवशी डब्यात सात गोळ्या शिल्लक होत्या. दवाखान्याच्या कागदावर लिहिले गेले : ‘उपचारात अनियमितता’.

२७/
म्हणून इतिहासाच्या माझ्या वाचकांना एक काम सुचवते. किल्ल्यांचे दगड मोजायला आपण पावसात जातो, मोडीची पत्रे उलगडायला महिने घालतो. ते चालूच ठेवू. पण मध्य प्रांतांचे दुष्काळ अहवाल, जिल्हा गॅझेटियर, जनगणनेचे मृत्यूचे तक्ते, बिडी संघटनांची जुनी पत्रके हीदेखील आपलीच साधने आहेत. गावोगावी अजून अशा बाया आहेत ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत बिड्या वळल्या. त्यांच्यापाशी कागद आहेत, स्मृती आहेत आणि खोकलाही आहे. भंडारा, गोंदिया, कामठी, सिन्नर, सोलापूर, अहिल्यानगर, जिथे जिथे बिडी वळली गेली तिथल्या कोणाच्या घरी मजुरीची वही वा ओळखपत्र असेल, तर त्याचे छायाचित्र नाव-पत्ता झाकून मला पाठवा. त्या बाईला कोणते दुखणे आहे, ते कधी निघाले, एवढे दोन ओळींत लिहा.

२८/
सुरुवात मी घरून केली आहे. आजीच्या पत्र्याच्या पेटीत दोन वह्या निघाल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. रकाने चार : पान दिले, तंबाखू दिला, बिडी आली, छाट. शेवटच्या वहीत एका पावसाळ्यानंतर ‘छाट’च्या रकान्यातले आकडे वाढत गेलेले दिसतात. मी तिला कारण विचारले. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटे उचलून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, तेव्हापासूनच मुंग्या येत होत्या.